आयर्विनची पट्टी आणि मासचं पाणी

नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या उत्तर टोकाला, शहराच्या हद्दीतच, इत्तेरेन आणि बोर्गहारेन ही दोन खेडी आहेत. एका अंगाला मास नदी, दुसऱ्या अंगाला युलियाना कालवा आणि मधल्या बेचक्यात ही गावं. इथली म्हातारी माणसं वर्षं पाण्यावरून मोजतात. धाकटीचं लग्न पहिल्या पाण्याच्या आदल्या उन्हाळ्यात झालं, गाई दुसऱ्या पाण्यानंतर विकल्या. पहिलं पाणी डिसेंबर १९९३ मधलं, ऐन नाताळच्या तोंडावरचं. दुसरं १९९५ च्या जानेवारीअखेरचं. ही भाषा मला कुणी शिकवावी लागली नाही. मी सांगलीच्या गावभागातली. आमच्याकडे 'पाचच्या पुरात भिजलेली ट्रंक' आणि 'एकोणीसच्या पुरानंतरचा फ्रीज' एवढं म्हटलं की पुरतं.

इत्तेरेनच्या ज्या बाईंकडून मी हे सगळं ऐकलं त्या माझ्या मैत्रिणीच्या आई. नव्वदीच्या घरातल्या. सगळे त्यांना ओमा म्हणतात, म्हणून मीही. त्यांच्या कोठीच्या चौकटीवर सुरीने पाडलेल्या खुणा आहेत. सगळ्यात जुनी खूण त्यांच्या वडिलांनी पाडलेली, जानेवारी १९२६ ची. वडील तेव्हा पोरसवदा होते. पाणी चढायला लागल्यावर घरच्यांनी वासरू जिन्यावरून माडीवर नेलं. चढताना ते मुकाट चढलं. पाणी ओसरल्यावर उतरायला मात्र तयार होईना. चार पुरुषांनी शेवटी ते घोंगडीत बांधून खाली आणलं. ही गोष्ट ओमा दर वेळी थोडी वाढवून सांगतात. माझ्या पहिल्या भेटीत पुरुष दोनच होते.

गोष्टीतलं वासरू बाजूला ठेवलं तरी एक माहिती प्रत्येक वेळी तीच असते. त्या म्हणतात, "पोरी, पाणी नदीकडून येत नाही. तिकडे बघत उभे राहतात ते शहरातले. पाणी मागून येतं, खालच्या शेतांतून, जुन्या पात्रातून. तू नदीकडे बघत असतेस आणि ते तुझ्या परसात आलेलं असतं." माझी आजी शेरीनाल्याबद्दल शब्दशः हेच सांगायची. कृष्णा घाटाच्या पायऱ्या चढून यायच्या कितीतरी आधी नाल्यातून उलटी फिरते आणि घाट बघायला गेलेली माणसं घरी परतेपर्यंत गल्लीत घोटाभर पाणी झालेलं असतं. 'आयर्विनला किती?' हा प्रश्न आमच्याकडे पावसाळ्यात नमस्काराच्या जागी विचारतात. १९२९ सालचा तो पूल, त्याच्यावरची फुटांची पट्टी. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. पण आजी पट्टीवर फारशी विसंबायची नाही. नाल्याच्या वासावरून ती डबे माळ्यावर चढवायला सुरुवात करायची. आधी धान्य, मग कागद, मग देव. देव शेवटी का, असं विचारलं तर म्हणायची, त्यांना पोहता येतं.

आकड्यांत बोलायचं तर १९९३ मध्ये मास बोर्गहारेनपाशी सेकंदाला सुमारे ३,१२० घनमीटर पाणी घेऊन आली. आपल्या हिशेबात १ लाख १० हजार क्युसेक. सांगलीकराला हा आकडा ऐकून हसू येईल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून याच्या चौपटीहून जास्त पाणी सोडत होते. पण मास ही कृष्णेसारखी मोठ्या पल्ल्याची नदी नाही. फ्रान्समधल्या लांग्रच्या पठारावर उगम, मग बेल्जियममधला आर्देनचा खडकाळ डोंगर, आणि मग एकदम हे शहर. हिमनदी नाही, मुरवणारी जमीन थोडी. पडलेला पाऊस खडकावरून घसरतो आणि एक-दोन दिवसांत इथे पोचतो. कोरड्या उन्हाळ्यात हीच नदी पन्नास घनमीटरांच्याही खाली येते, मुलं गोट्यांवरून पलीकडे चालत जातात. सतत अंगावर येणाऱ्या नदीपेक्षा अशी लहरी नदी विसरायला सोपी.

आणि मास्ट्रिख्टचा लिंबुर्ग प्रांत विसरलाच होता. नेदरलँड्स म्हणजे बांध, हे आपण शाळेत शिकतो. १९५३ च्या समुद्रपुरात १,८३६ माणसं गेली आणि त्यानंतर पश्चिमेकडे डेल्टाची प्रचंड कामं उभी राहिली, हेही खरं. पण या दक्षिणेच्या कोपऱ्यात मासला बांधच नव्हते. जुन्या लोकांनी घरं उंचवट्यावर बांधली, कुरणं खाली ठेवली आणि नदीला हिवाळ्यात कुरणात येऊ दिलं. हे किती जुनं आहे त्याचा पुरावा पुढे बोर्गहारेनलाच जमीन खोदताना मिळाला: रोमन काळातल्या घराचे अवशेष आणि त्या अवशेषांमध्ये काही शतकांनंतर केलेली मेरोविंजियन दफनं. दोघांनी निवडलेली जागा एकच, कोरडी. मग विसाव्या शतकात गावं वाढली, उंचवटा संपला आणि नवी घरं कुरणात उतरली. १९९३ मध्ये प्रांतातल्या सुमारे आठ हजार लोकांना घरं सोडावी लागली. तेरा महिन्यांनी पुन्हा पाणी आलं, आणि या वेळी खाली गेल्डरलँडकडे ऱ्हाइनच्या फाट्यांकाठचे अडीच लाख लोक हलवावे लागले. तेव्हा कुठे हेगमध्ये धावपळ झाली, असं ओमा म्हणतात. "आम्ही बुडालो तेव्हा बातमी होती. ते बुडणार म्हटल्यावर कायदा झाला." कायदा १९९५ मध्येच झाला आणि वर्षभरात मासच्या काठी छोटे बांध उभे राहिले. ओमांच्या बोलण्यात कडवटपणा आहे, पण क्रम त्या बरोबर सांगतात.

बांध ही झाली तातडीची मलमपट्टी. खरी योजना वेगळी होती आणि तिचा जन्म पुराच्याही आधीचा. लिंबुर्गने देशाला वर्षानुवर्षं खडी दिली. देशातल्या काँक्रीटला लागणारे नदीतले गोटे इथल्या जमिनीतून निघाले आणि मागे राहिले रुरमोंडच्या बाजूचे खोल खड्डे, त्यांत आता तळी. गावकऱ्यांना खडीवाल्यांचा वीट आलेला. १९९१ च्या सुमाराला काही निसर्गअभ्यासकांनी असं मांडलं की खोल खड्डे खणण्याऐवजी नदीचा काठ उथळ आणि रुंद खणा. खडी मिळेल, नदीला पसरायला जागा मिळेल, गोट्यांची बेटं आणि काठचा झाडोरा परत येईल. पुरानंतर ही कल्पना अचानक सगळ्यांना व्यवहाराची वाटायला लागली. तिचं नाव ग्रेन्समास, म्हणजे सीमेवरची मास. मास्ट्रिख्टपासून उत्तरेला चाळीसेक किलोमीटर. खडी-कंपन्या, ठेकेदार आणि नाट्युरमोन्युमेंटेन ही निसर्गसंस्था एकाच गटात आल्या. खणण्याचा खर्च खडीच्या विक्रीतून, सरकारी तिजोरीतून जवळपास काही नाही. बदल्यात हजार हेक्टरांहून जास्त नवी नदीकाठची जमीन आणि अडीचशे वर्षांतून एकदा येईल अशा पुरापासून गावांना संरक्षण. प्रत्यक्ष काम २००८ मध्ये सुरू झालं.

कागदावर हे सुरेख दिसतं. इत्तेरेनमध्ये त्याचा अर्थ होता कित्येक वर्षं धूळ, खडी चाळण्याच्या यंत्रांचा आवाज आणि शेतं जाणं. ओमांच्या दिरांनी शेवटपर्यंत विरोध केला. त्यांचं म्हणणं असं की पूर आमच्यावर आला, खडीचे पैसे दुसऱ्याला आणि जमीन पुन्हा आमचीच. मला हे म्हणणं चूक वाटत नाही. एखाद्या गावाने मिळून केलेली योजना असं आपण म्हणतो, तेव्हा त्या 'मिळून'मध्ये कुणी काय सोडलं याची यादी क्वचित वाचली जाते. इथे ती वाचली गेली, सभांमध्ये, आरडाओरडा होत, वर्षानुवर्षं. खणण्याच्या हद्दी बदलल्या, गाड्यांचे रस्ते बदलले. दीर काही शेवटपर्यंत पटले नाहीत. आज त्यांच्या शेताच्या जागी उथळ पाणी आहे आणि तिथे कोनिक जातीची अर्धरानटी घोडी आणि गॅलोवे गुरं चरतात. रविवारी शहरातून लोक दुर्बिणी घेऊन येतात. ओमांना घोड्यांचं कौतुक नाही. कुणी धार काढत नाही असली जनावरं काय कामाची, असं त्यांचं मत.

नदीच्या पलीकडच्या काठावर बेल्जियम. १८३९ पासून इथे नदीच्या मधोमध सीमा आहे. म्हणून इथली मास कुणी सरळ केली नाही, जहाजं बाजूच्या कालव्यांतून गेली आणि नदी वळणावळणाची राहिली. पण शहराच्या दक्षिणेला, एइसडेनजवळ, विसाव्या शतकात पात्र सरळ केलं आणि बेल्जियमचा एक तुकडा नेदरलँड्सच्या काठाला चिकटून राहिला. बेल्जियन पोलिसांना तिथे पोचायचं तर होडीने यावं लागे. शेवटी दोन्ही देशांनी २०१६ मध्ये करार केला आणि १ जानेवारी २०१८ पासून तुकड्यांची अदलाबदल झाली. बेल्जियमने दिलं जास्त, घेतलं कमी. कुणी बस पेटवली नाही. ही बातमी मी सांगलीच्या आत्याला फोनवर सांगितली तेव्हा ती बराच वेळ हसत होती आणि मग म्हणाली, "आता अलमट्टीचं सांग."

अलमट्टीचं काय सांगणार. तिची उंची ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटर करायची की नाही, यावर सांगली-कोल्हापूर आणि कर्नाटक कित्येक वर्षं झगडतायत. लवाद झाले, समित्या झाल्या. पण शेजाऱ्याशी बोलणं नेदरलँड्सलाही सहज जमलं असं नाही. मासचं पाणी कसं वाटून घ्यायचं याचा फ्लँडर्सबरोबरचा करार १७ जानेवारी १९९५ ला झाला, आणि तो होता टंचाईतल्या वाटपाचा. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं तर निम्मं निम्मं. सह्यांना दोन आठवडे होतात न होतात तोच दुसरं पाणी आलं. आपल्याकडेही जून २०२१ मध्ये तेव्हाचे जलसंपदामंत्री जयंत पाटील बंगळुरूला जाऊन येडियुरप्पांना भेटले, धरणांच्या विसर्गाचा ताळमेळ ठेवायचं ठरलं. त्यालाही महिनाच झाला होता.

जुलै २०२१. मास्ट्रिख्टच्या आठवणीत मास उन्हाळ्यात कधी अशी आली नव्हती. १३ तारखेपासून दोन-तीन दिवस पाऊस आर्देन, आयफेल आणि दक्षिण लिंबुर्गच्या टेकड्यांवर ठाण मांडून बसला. जर्मनीत आर नदीच्या खोऱ्यात शंभराहून जास्त माणसं गेली, बेल्जियममध्येही कित्येक. आमच्या शेजारच्या वाल्केनबुर्खमध्ये गेउल ही एरवी उडी मारून ओलांडावी अशी नदी बाजारपेठेतून वाहिली. १५ तारखेच्या संध्याकाळी मास्ट्रिख्टमधल्या ह्योखम आणि रांडवेक या वस्त्यांना निघायला सांगितलं, सुमारे दहा हजार लोक. मी आता ह्योखममध्ये राहते. फोनवर सरकारी इशारा किंचाळला आणि माझे हात आपोआप कामाला लागले: डाळ-तांदळाचे डबे वरच्या मजल्यावर, मग पासपोर्ट-कागद, मग देवघर. नवरा पुण्याचा, पानशेतच्या पुराच्या गोष्टी ऐकून वाढलेला असला तरी ऐकणं वेगळं. तो खिडकीतून नदीकडे बघत होता. मी त्याला म्हटलं, परसात बघ.

त्या रात्री मासमधून सेकंदाला ३,२०० घनमीटरांच्या वर पाणी गेलं, १९९३ पेक्षा जास्त. पण रुंद केलेल्या पट्ट्यात पातळी अनेक ठिकाणी १९९३ पेक्षा खाली राहिली. ह्योखमचे बांध टिकले, दुसऱ्या दिवशी आम्ही घरी. ओमांच्या चौकटीवर नवी खूण पडली नाही. त्यांच्या गावापासून जवळच, बुंडेच्या बाजूला, कालव्याच्या बांधाला गळती लागली आणि तिथल्या वस्त्या तातडीने हलवल्या, तेव्हा सगळं सुखरूप होतं असं नाही. तरी नदी रुंद करण्याने काय साधतं हे त्या रात्री दिसलं. ओमांना हे मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "दीर असते तर म्हणाले असते, योगायोग."

आम्ही डबे पुन्हा खाली आणतोय तोवर आठवड्याने सांगलीहून फोन सुरू झाले. २२ जुलैला महाड-चिपळूणला पूर, तळियेला दरड. मग कोयना-वारणेचं पाणी खाली आलं आणि आयर्विनला पाण्याने चोपन्न फूट ओलांडले. आत्या सामानासकट माडीवर. दोन वर्षांपूर्वी, २०१९ मध्ये, ते सत्तावन्नच्या वर गेलं होतं आणि ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी होडी उलटली होती. त्या होडीच्या बातमीनंतर आत्या होडीत बसायला तयारच नव्हती. तिच्या गल्लीतली पोरं तिला रोज दोरीने दूध आणि पाव पोचवत होती. नृसिंहवाडीला दर वर्षी पाणी दत्ताच्या देवळात शिरतं, उत्तरेकडून येऊन दक्षिणद्वाराने बाहेर पडतं, आणि लोक त्या पाण्यात स्नानाला गर्दी करतात. आजी मला लहानपणी तिथे घेऊन गेली होती. देवाने पाण्याला घरातून वाट दिली आहे, असं तिने सांगितल्याचं आठवतं. तिच्याच सांगलीत पूररेषेच्या आत, निळ्या रेषेच्याही आत, मी शाळेत असताना भाताची खाचरं होती तिथे आज अपार्टमेंट आहेत. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे शंभरातून एकदा. नकाशावर दोन्ही आहेत. प्लॉट घेताना नकाशा कुणी उलगडत नाही आणि आजीसारखं सांगणारं कुणी उरत नाही.

२०२१ नंतर लिंबुर्गमध्ये केंद्र सरकार, प्रांत, नगरपालिका आणि वाटरस्खाप यांनी मिळून पूरसुरक्षेचा एक कार्यक्रम हाती घेतला आहे. वाटरस्खाप म्हणजे पाण्याची निवडून आलेली पंचायत. स्वतःचा कर लावते, स्वतःच्या निवडणुका घेते. नदी रुंद झाली तरी गेउलसारख्या डोंगरी ओढ्यांचं काय, हा आता मुख्य प्रश्न. टेकड्यांवर पाणी अडवायला शेकडो तळी आहेतच, आणखी हवीत. आणि इथे पुन्हा म्हाताऱ्यांची गाठ पडते. दक्षिण लिंबुर्गच्या उतारांवर पूर्वी 'ग्राफ्टन' असायचे, आडव्या मातीच्या पायऱ्या आणि त्यांवर काटेरी झुडपांची कुंपणं. आपल्या जत-आटपाडीकडच्या ताली बघितलेल्या माणसाला चटकन ओळखू येतील. ट्रॅक्टर आले, जमिनी एकत्र केल्या, पायऱ्या मोडल्या. ज्यांनी तरुणपणी त्या मोडल्या त्यांनाच आता त्या कुठे होत्या हे विचारलं जातंय.

असंच काहीसं पंचवीस किलोमीटरवरच्या हेर्लेनमध्ये घडलं. तिथल्या कोळसाखाणी बंद करायची घोषणा मंत्री योप डेन आउल यांनी १७ डिसेंबर १९६५ ला शहराच्या नाट्यगृहात केली. शेवटची खाण १९७४ च्या अखेरीस बंद झाली. बोगद्यांत पाणी भरलं आणि जमिनीच्या उबेने ते कोमट झालं. २००८ पासून तेच पाणी वर आणून इमारती गरम केल्या जातात, कोळसा किंवा गॅस जाळल्याशिवाय. विहिरी कुठे पाडायच्या हे खाणींच्या जुन्या नकाशांनी सांगितलं. माझ्या ओळखीचे एक निवृत्त खाणकामगार आहेत. अशा उबेवर चालणाऱ्या घरात बसून ते म्हणतात, मी खाली असताना ते पाणी उपसायचं काम करत होतो.

गेल्या हिवाळ्यात आमच्या वस्तीत त्या पूरसुरक्षेच्या कार्यक्रमाची सभा झाली. भिंतीवर मोठा नकाशा, त्यावर पाणी कुठवर येऊ शकेल याचे निळे पट्टे. छपराचं पाणी गटाराऐवजी बागेत सोडा, अंगणातल्या फरश्या उचला, तळघरात महत्त्वाचं काही ठेवू नका, अशा सूचना. लोक कॉफी पीत ऐकत होते. मग मागच्या रांगेतले एक आजोबा उठले, ह्योखम खेडं होतं तेव्हापासूनचे. त्यांनी अधिकाऱ्याच्या हातून मार्कर घेतला आणि नकाशावर एक वेडीवाकडी रेघ ओढली. तिथे ओढा होता, म्हणाले, त्यांच्या लहानपणी बुजवला. आता त्यावर गाड्या उभ्या राहतात. अधिकाऱ्याने फोटो काढून घेतला. रेघ बरोबर होती की नव्हती मला ठाऊक नाही, पण पुढच्या छापील नकाशात तिथे तुटक रेषा आहे.

सभेच्या शेवटी एक कागद फिरला. इशारा आल्यावर कोणी कोणाचं दार वाजवायचं, कोणाकडे गाडी नाही, कोण ऐकू कमी येतं म्हणून फोन उचलणार नाही. माझ्या वाट्याला दोन घरं आली. एक समोरच्या बाईंचं, त्यांचं मांजरही पेटीत घालायचं आहे. दुसरं शेजारच्या गृहस्थांचं. कुंपणाच्या वेलीवरून आमचा जुना वाद आहे आणि ते सहसा माझ्याशी बोलत नाहीत. त्यांनी दुसऱ्या दिवशी घराची किल्ली पाकिटात घालून माझ्या टपालपेटीत टाकली, आणि सोबत चिठ्ठी: जिन्याखालच्या पेटीत बायकोची पत्रं आहेत, ती आधी वर न्यावीत, वेलीचं नंतर बघू.